गडावर पायी निघालात? बीपीची ती गोळी मधेच सोडू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

होळी झाली की आमच्या चोपडा तालुक्यात गडाच्या पदयात्रेची बोलणी सुरू होतात. रथ कोणाचा, पहिला मुक्काम कुठे, पोहे कोण देणार, मठ्ठा कोणाकडे. चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगी मातेच्या पायाशी पोचायचं म्हणून खानदेशातून हजारो माणसं भर उन्हात धुळे-मालेगाव रस्त्याने चालत जातात. हे पत्र त्या माणसांसाठी आहे, आणि त्यांची पिशवी भरून देणाऱ्या घरच्या बायांसाठी त्याहून जास्त.

मी ३१ वर्षे अंगणवाडी सेविका होते. लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, पोराला जुलाब लागले तर ओआरएस असं कालवा, हे गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन सांगितलं. आणि माझ्याच घरातली गोळी कसली आहे, ती अचानक थांबवली तर काय होतं, हे मला गेल्या वर्षीच्या चैत्रापर्यंत माहीत नव्हतं. ते या पत्रातून सांगायचं आहे.

आमच्या यांचं वय ६१. केळीचा बाग आहे. पाच वर्षांपूर्वी गावात तपासणी शिबिर होतं, तिथे बीपी १७२/१०४ निघालं आणि नाडीही भराभर चालत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लावल्या. एक टेल्मिसार्टन, दुसरी मेटोप्रोलॉल ५० ची. शुगरची गोळी आधीपासून होतीच. बीपी उतरलं, १३०/८० च्या आसपास राहू लागलं. दर महिन्याला मी त्याच मेडिकलवरून त्याच पट्ट्या आणत होते. डॉक्टर कागदावर ‘चालू ठेवा’ लिहीत, मेडिकलवाला पिशवीत घालून देई. चार वर्षांत यापलीकडे एक शब्द कोणी बोललं नाही. मी कोणा एकाला दोष देत नाही. गर्दी असते, मागे रांग असते. पण तो एक शब्द बोलायला हवा होता.

गेल्या वर्षी माघ महिन्यापासून हे म्हणायला लागले की पाय ओढले जातात. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापासून रस्त्यापर्यंत यायचं तर मधे दोनदा थांबायचे. थंडीत सकाळी बागेत पाणी धरायला गेले की बोटं गार पडायची, चहाचा कप दोन्ही हातांत धरून शेकत बसायचे. मी वयावर ढकललं. यांनी मात्र मनात पक्कं केलं की ही त्या पांढऱ्या मेटोप्रोलॉलच्या गोळीची करामत आहे. आणि ते चुकीचं नव्हतं, हे नंतर कळलं. थकवा, हातपाय गार पडणं, नाडी मंद होणं हे या गोळीने होऊ शकतं. चूक एवढीच झाली की हे डॉक्टरांना सांगायच्या ऐवजी यांनी स्वतःच निकाल लावला. गडावर चालत जायचं तर अंगात ताकद हवी, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी ती गोळी बंद केली. मी प्रवासाच्या डबीत सगळ्या गोळ्या मोजून भरल्या होत्या. त्यातली मेटोप्रोलॉलची पट्टी यांनी काढली आणि कोनाड्यात कॅलेंडरच्या मागे सरकवून ठेवली. सोबतच्या पुतण्याने वाटेत विचारलं तर उत्तर काय, “मन्ही तब्येत चांगली शे, आते गोयी काब्र खाऊ?” म्हणजे माझी तब्येत चांगली आहे, आता गोळी कशाला खाऊ. वर म्हणाले, बीपीची दुसरी चालू आहे ना.

पहिल्या दिवशी अमळनेर, दुसऱ्या दिवशी धुळे. तिसऱ्या दिवशी धुळं ओलांडून आर्वीच्या अलीकडे, सकाळी अकराच्या सुमारास, हे रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसले ते उठेनात. पुतण्या सांगतो, गळ्यापाशी शीर उडताना दिसत होती. छातीवर कोणी धान्याचं पोतं ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले, डावा हात जड झाला होता. पोरांना वाटलं ऊन लागलं. कोणी कांदा फोडला, कोणी डोक्यावर पाणी ओतलं. अर्धा तास त्यात गेला. मग मठ्ठा वाटणाऱ्या एका मंडळाच्या गाडीतून धुळ्याला दवाखान्यात नेलं. बीपी १९८/११२, नाडी १२८.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? पोरांना काय ठाऊक. डबी रथातल्या पिशवीत राहिली होती. फोन मला आला. मी कोनाडा उघडला आणि कॅलेंडरच्या मागून ती पट्टी खाली पडली. ते क्षण मी विसरत नाही. दहा गोळ्यांची पट्टी. हिशेबाने तिच्यात दोन गोळ्या राहायला हव्या होत्या, सात होत्या. मी फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, “थांबा, मेटोप्रोलॉल? शेवटची कधी घेतली यांनी?” मी म्हटलं, पाच दिवस झाले असतील. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.”

हार्ट अटॅक नव्हता. रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा केली, दोन्ही वेळा नॉर्मल आली. पण ईसीजीत फरक होता. छातीतली ती कळ हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याची होती. हे दोन दिवस आयसीयूत होते. पुढे जळगावला अँजिओग्राफी केली, एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. तो आधीपासूनच होता, कोणाला पत्ता नव्हता. इतकी वर्षे ती गोळी हृदयाला सावकाश चालवत होती म्हणून तो कळला नाही. गोळी काढली, त्यात ऊन आणि चालण्याची मेहनत, आणि तो वर आला.

धुळ्याच्या त्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला खुर्ची दिली आणि नीट समजावलं. माणूस घाबरला, धावला, संतापला की शरीरात ॲड्रेनॅलिन सुटतं. शेतात पायाशी साप दिसला की काळीज उडतं ते त्यामुळे. हृदयावर हे ॲड्रेनॅलिन ऐकणारे जणू कान असतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या त्या कानांवर हात ठेवतात, म्हणून ठोके शांत पडतात आणि बीपी उतरतं. याच गटाला बीटा ब्लॉकर म्हणतात. पण महिनोन्महिने कानावर हात राहिला की नीट ऐकू यावं म्हणून शरीर कान वाढवतं. मग एक दिवस हात अचानक काढला की वाढलेले सगळे कान एकदम उघडे पडतात. तेवढंच ॲड्रेनॅलिन, पण हृदयाला ते कितीतरी मोठ्याने ऐकू येतं. नाडी धावते, बीपी आधी होतं त्याच्याही वर जातं, छातीत कळ येते, आणि ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. हे बंद केल्यापासून एकदोन दिवसांत होऊ शकतं, दोन आठवड्यांतही होऊ शकतं.

ही गोळी बंद करताच येत नाही असं नाही. थांबवायची तर डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात, साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि त्या दिवसांत अवजड काम टाळायला सांगतात. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे पावसाळ्यात कसे थोडेथोडे, खालच्या गावांना इशारा देऊन उघडतात, तसं. एका रात्रीत सगळे दरवाजे उघडले तर तापीकाठचं काय होईल, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

माझी भाची शिरपूरला फार्मसी शिकते. ती आजारपणात भेटायला आली तेव्हा तिने आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या पट्ट्या मागवल्या आणि ओट्यावर पसरल्या. ती म्हणाली, मावशी, कंपनीचं मोठं नाव वाचू नकोस, खालचं बारीक नाव वाच. ज्याच्या शेवटी ‘लॉल’ येतं ती बहुधा याच घराण्यातली. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, प्रोप्रानोलॉल. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल हीसुद्धा त्यातलीच. काही वेळा हे औषध अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन अशा बीपीच्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे माणसाला कळतही नाही की आपण ती घेतो. त्या दुपारी आमच्या एका गल्लीत सहा घरांत ‘लॉल’ निघालं. सहापैकी एकालाही ती एकदम थांबवायची नसते हे माहीत नव्हतं. एक काकू तर उपासाच्या दिवशी गोळी घेत नव्हत्या. एक जण फक्त डोकं दुखलं की घेत होते.

या घराण्यातली प्रोप्रानोलॉल शोधणारे स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक, त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं, असंही भाचीने सांगितलं. छातीत कळ येणाऱ्या माणसाच्या हृदयाला जास्त रक्त पुरवण्याऐवजी हृदयाचं कामच कमी करावं, हा त्यांचा विचार. मला तो फार आवडला. चांगलं औषध आहे हे. माझा राग औषधावर नाही. आजकाल नुसत्या बीपीसाठी पुष्कळ डॉक्टर आधी दुसऱ्या गोळ्या देतात आणि ही गोळी हृदयाचा आजार, छातीत कळ, ठोक्यांची गडबड किंवा हृदय दुबळं असेल तेव्हा वापरतात. म्हणून ज्यांना पंधरा-वीस वर्षांपासून ॲटेनोलॉल चालू आहे त्यांनी पुढच्या फेरीत डॉक्टरांना जरूर विचारावं की मला अजून हीच हवी का. विचारावं. हे वाचून उद्या सकाळी बंद करू नये, हात जोडून सांगते.

त्या ओट्यावरच्या पट्ट्यांत आणखी एक गोष्ट निघाली. पलीकडच्या आजींना गोळी गिळवत नाही, म्हणून त्यांची सून ती खलबत्त्यात कुटून पिकल्या केळ्यात कालवून देत होती. सून मायेनेच करत होती. पण त्यांची मेटोप्रोलॉल ‘एक्सएल’ होती. नावापुढे एक्सएल किंवा ईआर असेल तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम पोटात उतरतं. आजी रोज सकाळी दहाच्या सुमारास भोवळ येऊन भिंत धरायच्या आणि घरचे म्हणायचे, म्हातारपण. भाचीने नाडी मोजली, ४६. त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. अशी गोळी कुटायची नाही, चावायची नाही. मधे रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच दोन तुकडे. गिळता येत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगावं, ते दुसरी देतात. आणि मेडिकलमध्ये ‘कंपनी वेगळी, गोळी तीच’ असं सांगून दुसरी पट्टी दिली तर हे दोन अक्षरांचं शेपूट आधीसारखंच आहे ना, ते डोळ्यांनी पाहून घ्यावं. साधी मेटोप्रोलॉल आणि एक्सएल यांचा आकडा सारखा असला तरी घ्यायची पद्धत एक नाही.

शुगरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण आमच्या घरात ती वेळ आली. शुगर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, आणि माणूस साखर मागतो. ही गोळी त्या खुणा झाकून टाकते. एक खूण मात्र ती झाकत नाही, घाम. भाद्रपदात एका दुपारी हे जेवण टाळून केळीची गाडी भरायला थांबले. परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावर दवबिंदूंसारखे थेंब, आणि हे मला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. धडधड विचारली तर नाही म्हणाले. पाच वर्षांपूर्वीची मी असते तर उन्हाने झालं म्हणून पंखा लावला असता. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि मग ग्लुकोमीटरवर बघितलं, ५८. पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८१. मग भाकरी वाढली. बीटा ब्लॉकर आणि शुगरची गोळी दोन्ही चालू असतील तर अकारण घाम आणि वेडंवाकडं बोलणं एवढ्यावरही शुगर तपासावी.

दम्याच्या लोकांनी तर आपल्याला दमा आहे हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी घेऊच नये, यातल्या काही गोळ्यांनी श्वासनळ्या आवळल्या जातात. शेजारणीची बीपीची गोळी ‘मला पण बीपीच आहे’ म्हणून उसनी घ्यायची आपल्याकडे सवय आहे, ती यासाठी फार वाईट. माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणापासून दमा. तिला काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंब दिले होते. थेंब टाकायला लागल्यापासून रात्री खोकला, छातीत शिट्ट्या. महिनाभर आम्ही दम्याचा पंप वाढवत बसलो. डोळ्यांत टाकलेला थेंब छातीपर्यंत पोचेल असं कोणाच्या मनात येणार? पण टिमोलॉलही ‘लॉल’च. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा आहे हे कळल्यावर त्यांनी थेंब बदलले.

आता नाडीबद्दल. हे मी प्रत्येक घरात शिकवते, कारण याला पैसे लागत नाहीत. सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवायचं. पाच मिनिटं शांत बसायचं. मनगटावर अंगठ्याच्या खाली, हाडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची उडी लागते. आमच्या यांच्या मनगटावर गडाचा लाल धागा आहे, तो थोडा वर सरकवला की शीर बरोबर सापडते. पहिल्या दिवशी मला काही लागेना. मी जोरात दाबत होते. हलकं धरलं तेव्हा बोटाखाली टप, टप लागलं. मग पूर्ण एक मिनिट मोजायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, वेळ, बीपी, नाडी. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय की नाडी ५० च्या खाली गेली, किंवा भोवळ, धाप, पायावर सूज आली तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. प्रत्येकाचा आकडा वेगळा असू शकतो. आपला कोणता, हे आपल्या डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावं.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी बीपी वर जातं. दोन गावच्या दोन डॉक्टरांकडे जात असाल तर दोघांनाही सगळ्या पट्ट्या दाखवा. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही बीपीची नि हृदयाचीच औषधं, पण बीटा ब्लॉकरबरोबर पडली तर नाडी धोक्याइतकी मंद होऊ शकते. दाताचं असो की मोतीबिंदूचं, कोणतंही ऑपरेशन असेल तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, आपल्या मनाने सोडायची नाही.

आणि आपल्या वैशाखाचं काय. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की बीपी तसंही उतरतं, आणि ही गोळी घेणारा माणूस खाटेवरून झटकन उठला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. उठताना आधी बसावं, मग उभं राहावं. रोजच चक्कर येत असेल तर डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. उन्हाळ्यात बीपीची गोळी लागत नाही, या पारावरच्या गप्पा आहेत.

एक गोष्ट लिहू की नको, असा चार दिवस विचार केला. लिहिते. या गोळीने काही पुरुषांच्या नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. आपल्याकडे पुरुष हे डॉक्टरांना सांगत नाही, बायकोलाही सांगत नाही, निमूटपणे गोळी सोडून देतो. मग घरात कोणाला कळतच नाही की बीपी का वाढलं. याला लाजायचं कारण नाही. डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगावं, गोळी बदलता येते. थकव्याचंही तेच. आमचे हे आधी बोलले असते तर डोस कमी झाला असता. झटका येता येता वाचल्यावर तो झालाच. आता यांना बिसोप्रोलॉल आहे, छोट्या डोसची, आणि घड घेऊन रस्त्यापर्यंत न थांबता येतात.

संपादक महोदय, माझी एक विनंती आपल्याला आणि दोन इतरांना. आपल्या अंकात पदयात्रेच्या मार्गाची, मुक्कामाची, पाण्याच्या सोयीची माहिती दर वर्षी येते. त्याच पानावर एक छोटी चौकट छापावी: बीपीची, शुगरची, हृदयाची गोळी बंद करून चालायला निघू नका, आणि गोळ्यांची यादी खिशात ठेवा. पिशवीत नको, पिशवी रथात राहते.

मेडिकल दुकानदार बंधूंना विनंती की ‘लॉल’ची पट्टी देताना कागदी पुडीवर पेनाने फक्त एवढं लिहा, ‘स्वतःहून बंद करू नये’. चार शब्द आहेत. सकाळ-संध्याकाळच्या रेघा आपण त्या पुडीवर मारताच, त्याच्या खाली जागा असते. पट्टीवर जे छापलेलं असतं ते इंग्रजीत आणि इतकं बारीक की माझ्या चष्म्यातूनही वाचता येत नाही.

रस्त्यावर मठ्ठा वाटणाऱ्या आणि मोफत औषधोपचाराचे तंबू लावणाऱ्या मंडळांचे मी मनापासून आभार मानते, त्यांच्यामुळेच आमचे हे वेळेत पोचले. त्यांनी पायाच्या फोडांना मलम लावताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: “बाबा, घरून निघाल्यापासून कोणती गोळी सोडलीत का?” सोडली असेल तर तिथेच बीपी आणि नाडी बघावी. आणि छातीत कळ असेल तर कांदा फोडत बसू नये, १०८ ला फोन करावा. आमचा अर्धा तास त्यात गेला.

यंदा डॉक्टरांनी यांना पायी जायला नाही म्हटलंय. आम्ही दोघं एसटीने गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत जाणार आहोत. पुतण्या चालत निघालाय, त्याच्याबरोबर गावातली बावीस माणसं आहेत. काल संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसून मी बावीस जणांच्या पट्ट्या बघितल्या आणि प्रत्येकाची यादी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिली. पाच जणांकडे ‘लॉल’ निघालं. त्यातल्या एकाने ती घरी ठेवली होती. त्याची सून सायकलवर जाऊन घेऊन आली.

पत्र छापलंत तर नाव देऊ नये. यांना आपल्या आजाराची चर्चा आवडत नाही, पण लिहायला त्यांनीच सांगितलं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. चोपडा, जि. जळगाव